रोस्टरवर जोडी, वॉर्डात एकटी

सकाळी दहाच्या सुमारास मेडिसिन वॉर्डातल्या एका आजोबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. ग्लुकोमीटरवर साखर ४६. सव्वाआठला नाश्त्याआधीचं इन्सुलिन लिहिलेलं होतं १२ युनिट, अंगात गेलं होतं ३०.

इंदूरच्या आमच्या हॉस्पिटलात वॉर्डला इन्सुलिनची ४० युनिट प्रति मिलीची वायल, म्हणजे छोटी बाटली, येते आणि तिच्याबरोबर लाल टोपणाची सिरिंज. नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलवरून आणलेली वायल मात्र १०० युनिट प्रति मिलीची होती. तिला केशरी टोपणाची सिरिंज लागते. लाल सिरिंजवर १२ ची रेघ म्हणजे ०.३ मिली. १०० च्या वायलमधून तेवढं ओढलं की झाले ३० युनिट, सरळ अडीचपट. नुकतीच बीएससी नर्सिंग होऊन आलेल्या मुलीनं रेघ अचूक पाहिली होती, वायलवरचा आकडा नाही.

शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली, दर पंधरा मिनिटांनी साखर. आजोबा नीट बोलू लागल्यावर त्यांना पोहे खायला घातले, कारण डेक्स्ट्रोजचा जोर लवकर ओसरतो आणि इन्सुलिन आत काम करतच असतं. दुपारपर्यंत तासातासाला तपासणी चालू ठेवली.

दुपारच्या बैठकीत मेडिकल सुपरिंटेंडेंटनी आधी विचारलं, "तिच्याबरोबर कोण होतं?" प्रश्न योग्य होता. रोस्टरवर त्या नव्या मुलीच्या नावाशेजारी मेंटॉरचं, म्हणजे तिला शिकवणाऱ्या अनुभवी सिस्टरचं नाव होतं. पण आयसीयूत माणसं कमी पडली म्हणून आठ वाजताच मेंटॉरला तिकडे पाठवलं होतं. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक सिस्टर हवी, ते खरंच. म्हणून दर वेळी हात घातला जातो तो या जोडीतच. कागदावर तिथं दोघी दिसतात ना.

मेट्रननी, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांनी, मागणी ठेवली: पहिले सहा आठवडे नवी मुलगी संख्याबळात धरायची नाही, जोडी म्हणजे एक. हिशोबवाले साहेब म्हणाले, "तनख्वाह दो की देते हैं, गिनती एक की क्यों?" आम्ही त्यांना वॉर्डातलं काम वेळ लावून दाखवलं. अनुभवी सिस्टर एका पेशंटचं औषध पाच मिनिटांत देते. तेच शिकवत, लेबल वाचून घेत, हिशोब तिच्याकडून करवून घेत द्यायचं तर पंधरा लागतात. मेंटॉरकडे आठ पेशंट दिले तर शिकवणं पहिलं गळतं, आणि ते कुठल्याच रजिस्टरमध्ये दिसत नाही. शेवटी चार आठवड्यांवर तडजोड झाली, मेंटॉरकडे जास्तीत जास्त चार पेशंट. मेट्रनच्या सहीशिवाय मेंटॉरला दुसरीकडे हलवायचं नाही. हलवलंच तर नव्या मुलीचे पेशंट आणि तिची देखरेख इनचार्जकडे.

बाकीचं पटकन ठरलं. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड या औषधांवर दोन सह्या, आणि दुसऱ्या सिस्टरनं हिशोब स्वतंत्र करायचा. पहिलीचा आकडा ऐकून मान डोलावणं चालणार नाही. बाहेरून आलेली वायल आधी फार्मसीत दाखवायची. कौशल्यांच्या यादीत तीन रकाने: पाहिलं, मदतीनं केलं, एकटीनं केलं. तिसऱ्यावर सही मेंटॉरनं समोर उभं राहून पाहिल्यावरच. एरवी या याद्या महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनानं भरल्या जातात, शाईच सांगते.

एका मुद्द्यावर मी अडून बसले. प्रोबेशनचा गोपनीय अहवाल मेंटॉरनं लिहायचा नाही. जिच्या हाती आपली नोकरी, तिला कोणी विचारेल का, "मॅडम, ही सिरिंज कुठली घेऊ?" हे मान्य झालं. ज्येष्ठ म्हणून आपोआप मेंटॉर, हेही बंद; शिकवायची इच्छा विचारूनच नाव घालायचं.

मेंटॉर भत्त्याची फाइल मात्र अजून वरच आहे. आणि रात्रपाळीला जोडी कशी बसवायची, यावर कोणाकडेच धड उत्तर नव्हतं. तूर्त एवढंच ठरलं की चार आठवडे नवीन मुलीला रात्रपाळी लावायची नाही.