बशीवरची बदकं नुसती बदकं नसतात

नाशिकात जुन्या वाड्यांतल्या काचेच्या कपाटात अजून एखादी चिनीमातीची बशी दिसते. आमच्या मावशीकडे आहे तिच्यावर कमळं आणि बदकांची जोडी, घरात सगळे तिला बदकांची बशी म्हणतात, बस्स. पण ती मँडरिन डक आहेत, चीनमध्ये सुखी संसाराची खूण! नर एकदम रंगीत, मादी करडी. येवल्याच्या पैठणीवर मोर-पोपट उगाच येत नाहीत ना, तसंच.

मग काय, वाचत सुटले. करकोचा म्हणजे दीर्घायुष्य, पिओनीचं (मोठं, भरगच्च पाकळ्यांचं) फूल म्हणजे पैसा आणि मान, प्लमचं फूल थंडीत, पानं फुटायच्या आधीच उमलतं म्हणून चिकाटी. पिओनी वसंत, कमळ उन्हाळा, शेवंती शरद आणि प्लम हिवाळा, म्हणजे एका फुलदाणीवर अख्खं वर्ष. भारीच ना?

अशा चिनी भांड्यांवरचं निळं काम कोबाल्ट या धातूच्या रंगाचं, कच्च्या भांड्यावर रंगवून वर ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर), मग साधारण १३०० अंशाला भाजायचं, त्यामुळे ते सहसा पुसलं जात नाही. गुलाबी रंग आला १७२० च्या आसपास, तो ग्लेझच्या वर लावून कमी आचेवर परत भाजतात, म्हणून बोट फिरवलं की किंचित उंच लागतो आणि झिजतोही तोच आधी. मावशीच्या बशीवर नराचा अर्धा पंख गेलाय, कुणीतरी काथ्याने घासली असणार (देवा!).

आणि बशीच्या तळाला राजाच्या नावाचा शिक्का बघून ती त्याच्याच काळातली म्हणून लगेच हुरळू नका, चिनी कारागीर जुन्या राजांचे शिक्के नंतरच्या मालावर सर्रास टाकायचे, कधी आदर म्हणून, कधी सरळ फसवायला.