मसाजचा पलंग की सामूहिक प्रार्थना?

मसाजच्या पलंगाची डच माहितीपुस्तिका होती, शेवटचं प्रूफ माझ्याकडे. एका अरुंद रकान्यात 'मसाझबेड', म्हणजे मसाजचा पलंग, ओळीच्या शेवटी तुटून 'मास्सा-खबेड' झाला होता. म्हणजे सामूहिक प्रार्थना!

सॉफ्टवेअर नियमानं चुकलं नव्हतं. रोमन लिपीत दोन्ही शब्दांची अक्षरं तंतोतंत तीच (massagebed), तिथे तोडायला मुभाही आहे. फरक उच्चारात. मधला 'जी' पलंगात फ्रेंच वळणाचा 'झ', प्रार्थनेत घशातला 'ख'. आघात पलंगात 'सा'वर, प्रार्थनेत 'मा'वर. 'झ' आणि 'ख' नागरीत लगेच वेगळे दिसतात, रोमनमध्ये लपतात. म्हणून डच समासाचा आधी विग्रह करायचा, जोडावर तोडायचं, आणि अगदीच जागा नसेल तर घटकशब्दाच्या आत शिरायचं.

मग सगळी फाइल चाळली. पुढे याहून वाईट निघालं. 'स्क्रू दोन क्वार्ट-स्लाखन फिरवा', म्हणजे दोन पाव फेरे. छापात तुटलं होतं 'क्वार्ट्स-लाखन': गारगोटीचे थर! इथे आघातही मदतीला येत नाही, दोन्हीकडे तो पहिल्याच पदावर. संदर्भ वाचणारा माणूसच हवा.

दुरुस्ती करताना साधा हायफन टंकायचा मोह आवरावा. आधीच्या कुणीतरी तीन ठिकाणी तेच केलं होतं. मजकूर सरकला आणि हायफन ओळीच्या मधोमध लटकले. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-हायफन दाबलं की ऐच्छिक हायफन बसतो: शब्द तुटला तर तिथेच तुटतो, नाहीतर दिसत नाही. शब्द वारंवार येत असेल तर तो यूझर डिक्शनरीत, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या आपल्या शब्दयादीत घालावा, जोडावर एक टिल्ड (~ ही खूण) देऊन. दोन टिल्डं म्हणजे दुय्यम पसंती, तीन म्हणजे नाइलाज. शब्दाच्या आधीच टिल्ड दिलं तर तो कधीच तुटत नाही. परिच्छेदाची भाषा डच आहे ना, तेही बघावं. दोन परिच्छेदांवर इंग्रजी राहिली होती, तिथे तर सगळंच रामभरोसे.

हाच मजकूर यंत्राच्या आवाजातही जायचा होता. त्या प्रतीतून ऐच्छिक हायफन काढून टाकले, कारण काही यंत्रं तिथे शब्द तोडून वाचतात. सोबत आघाताची यादी जोडली. डच सामासिक नामात जोर बहुधा पहिल्या पदावर असतो, पण 'स्टाटहउस' (नगरभवन) आणि 'बूरनकोल' (केल भाजी) यांत तो दुसऱ्या पदावर जातो. 'मसाझबेड'पुढे लिहिलं: जोर 'सा'वर, 'जी'चा 'झ'.