तुम्ही विचारलंत म्हणून: बेडनारिकच का?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बेथलहेमला राहायला आल्यापासून सारखं कुणी ना कुणी विचारतंच, मंडळाच्या गणपतीत, ऑफिसात, आता तर भाचासुद्धा, की तू ईगल्सची (फिलाडेल्फियाची अमेरिकन फुटबॉल टीम) फॅन ते ठीक, पण सगळे सोडून चक बेडनारिक? न्यूयॉर्क जायंट्सच्या फ्रँक गिफर्डला आडवा करून वर मूठ उगारणारा माणूस तुला आवडतो तरी कसा? दरवेळी अर्धवट उत्तर देऊन वाद होतो, म्हणून आज नीट लिहिते.

तो इथलाच, या गावचा. आईवडील स्लोव्हाकियातून आलेले, वडील बेथलहेम स्टीलमध्ये कामाला. पोरगा विशीच्या आत बी-२४ विमानात गनर म्हणून जर्मनीवरच्या ३० मोहिमा करून जिवंत परत आला, मग पेन युनिव्हर्सिटीत शिकला आणि १९४९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, सगळ्यात पहिला घेतला गेला. सीझन संपला की काँक्रीट विकायचा, तेव्हाचे खेळाडू अशी कामं करायचेच, त्यावरून काँक्रीट चार्ली. १९६० साली पस्तिशीत नुसता सेंटर (बॉल आपल्याकडे असतानाची जागा) खेळत होता, तेवढ्यात लाइनबॅकर (बॉल त्यांच्याकडे असताना अडवणारा) बॉब पेलेग्रिनी जायबंदी झाला आणि कोचनं यालाच डिफेन्सलाही उभं केलं. म्हणजे बॉल आपल्याकडे असो की त्यांच्याकडे, हा मैदानातच.

आता ती टक्कर. २० नोव्हेंबर १९६०, यँकी स्टेडियम, ईगल्स १७-१० पुढे, शेवटची काही मिनिटं. जायंट्सच्या जॉर्ज शॉचा पास गिफर्डनं मधोमध घेतला आणि पळायला लागला, आणि समोरच्या बाजूनं येणारा बेडनारिक त्याला दिसलाच नाही. खांदा सरळ छातीत. गिफर्ड मागे कोसळला, डोकं टणक मैदानावर आपटलं, बॉल सुटला आणि ईगल्सच्या चक वेबरनं त्यावर झडप घातली. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, गिफर्ड उताणा, हालचाल नाही, आणि ६० नंबरचा बेडनारिक त्याच्या अंगावर मूठ उगारून. पण बॉल तेव्हा वेबरकडे होता! बेडनारिक आयुष्यभर हेच सांगत राहिला, की मूठ बॉलसाठी होती, मॅच हातात आली म्हणून होती, गिफर्डची काय अवस्था आहे ते मला माहीतच नव्हतं. टॅकल नियमात होता असं खुद्द गिफर्डनंही म्हटलंय. त्याला स्ट्रेचरवरून नेलं, १९६१ चा अख्खा सीझन गेला, १९६२ ला परतला तो वेगळ्या जागेवर.

पूर्वी मी इथेच थांबायचे. नियमात होतं, ज्याला लागलं त्याची तक्रार नाही, मग तुमची का?

मग २०१५ आलं. मार्चमध्ये बेडनारिक गेला, ऑगस्टमध्ये गिफर्ड, आणि नोव्हेंबरमध्ये गिफर्डच्या घरच्यांनी जाहीर केलं की त्याच्या मेंदूत सीटीई नावाचा आजार सापडला. तो काही त्या एका टकरीचा नसतो, वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या मारातून होतो, हे मला कळतं. बेडनारिकलाही शेवटी डिमेन्शिया होता, त्याच्या मुलीनंच सांगितलं. तेव्हापासून 'नियमात होतं' हे म्हणताना माझी मलाच लाज वाटते, कारण नियमच तसे होते. आणि मूठ बॉलसाठी असली तरी पायाशी माणूस निपचित पडलाय, एकदा खाली बघायला काय झालं होतं?

तरी ऐका. महिन्याभरानं फ्रँकलिन फील्डवर, म्हणजे त्याच्याच कॉलेजच्या मैदानावर फायनल झाली, ग्रीन बे पॅकर्स या टीमविरुद्ध. बेडनारिक ६० पैकी ५८ मिनिटं खेळला. शेवटच्या प्लेला पॅकर्सचा जिम टेलर बॉल घेऊन ईगल्सच्या गोलरेषेपासून दहा यार्डांच्या आत घुसला, यानं त्याला मिठीत धरून पाडला आणि वेळ संपेपर्यंत उठूच दिला नाही. १७-१३. पॅकर्सचा कोच विन्स लोम्बार्डी प्लेऑफमध्ये हरला तो एवढाच एकदा. त्याबद्दल मात्र सगळे वा वा करतात, तेव्हा कुणी मला विचारत नाही की हा आवडतो कसा. माणूस तोच, ताकद तीच, आणि त्यातलं सोयीचं तेवढं घ्यायचं हे मला जमत नाही.

भाच्याला हेच सांगितलं तर म्हणतो, मावशी, टेलर उठला ना पण. उठला, बरोबर आहे. पण हा फरक बेडनारिकनं केला की त्या टणक जमिनीनं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ते ठरेपर्यंत मी त्याला सोडणार नाही.