नुसते लिहिणारे

रविवार, रात्री

भाच्याची, चिन्मयची, झेलम एक्स्प्रेस काल वेळेवर सुटली. आज खोली आवरायला घेतली तर दारामागे त्याचं बॅटलेथ तसंच उभं. बॅटलेथ म्हणजे स्टार ट्रेक मालिकेतल्या क्लिंगॉन नावाच्या लढवय्या परग्रहवासीयांची तलवार. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, वर डब्यात पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद लावून त्याने ते दोन दिवस खपून केलं होतं. दोन्ही टोकांना दोन-दोन अणकुच्या, पाठीला तीन मुठी, आणि मुठींवर माझ्या जुन्या परकराची नाडी घट्ट गुंडाळलेली, हात घसरू नये म्हणून. गजकचे तीन डबे गेले, हे मात्र राहिलं. वहिनीला फोन केला तर म्हणाली, बॅगेत मावलं नाही. नसेलच मावलं. पण हातात धरून नेता आलं असतं. येताना क्रिकेटची बॅट तशीच हातात घेऊन उतरला होता.

ते का राहिलं हे मला माहीत आहे. म्हणजे, माहीत आहे असं मला सकाळपासून वाटतंय.

गुरुवारी रात्री आम्ही दोघं एका रजईत बसून स्टार ट्रेकमधला वॉर्फ नावाच्या क्लिंगॉनचा तो भाग बघत होतो. दादाबरोबर मी तो किती वेळा बघितलाय याची गणतीच नाही. खितोमरच्या क्लिंगॉन वसाहतीवर 2346 साली त्यांच्या शत्रूंचा, रोम्युलनांचा, हल्ला होतो, चार हजार क्लिंगॉन मरतात, लहानगा वॉर्फ ढिगाऱ्याखाली जिवंत सापडतो आणि एका पृथ्वीवरच्या कुटुंबात वाढतो. पुढे तो मोठा झाल्यावर त्याच्या मेलेल्या बापावर फितुरीचा ठपका येतो. खरा फितूर दरबारातल्या ड्युरास नावाच्या क्लिंगॉनचा बाप. पण ड्युरासचं घराणं इतकं बलाढ्य की खरं बाहेर आलं तर साम्राज्यात यादवी माजेल. म्हणून वॉर्फ गप्प बसतो, कलंक अंगावर घेतो, आणि भरल्या दरबारात एकेक जण हात छातीशी आडवे धरून त्याच्याकडे पाठ फिरवतो. सख्खा भाऊ कर्नसुद्धा. तिथे दादा दरवेळी उठून पाणी प्यायला जायचा.

चिन्मयने रजईत बसल्या बसल्या तसेच हात आडवे करून पाठ फिरवून बघितली. मग म्हणाला, "आत्या, आपण पण शिंद्यांच्या लष्करात होतो ना गं? आपल्यात कोण लढलं?"

मी म्हणाले, "कोणी नाही रे. आपण नुसते लिहिणारे."

"अच्छा," म्हणाला, आणि परत पडद्याकडे वळला. एवढंच झालं.

त्याच्या "अच्छा"चं मला काही नाही. मुलं म्हणतात. पण ते "नुसते" माझ्या तोंडात आलं कुठून? कोणी शिकवलं होतं मला ते? आज तीन दिवस मी भाजी चिरताना, फाटकाला कडी घालताना तोच एक शब्द उलटसुलट करून बघतेय. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं माझंही आहे. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या फायलींवर टिपणं लिहिली, खाली सही कायम तिसऱ्याच कोणाची. निरोपाला शाल दिली, नारळ दिला. घरी आल्यावर... जाऊ दे, ते आज नको.

चूक सगळी माझीच. पंधरा दिवस त्याच्या कानावर लढाया मीच घातल्या. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर नेलं, तटावरून शहर दाखवलं. म्हटलं, आपण राहतो त्याला लष्कर म्हणतात ते उगीच नाही. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी इथे तळ दिला, तो उठलाच नाही, त्याचंच शहर झालं. इथला कंपू भाग म्हणजे कॅम्प. 10 जानेवारी 1760 ला बुराडी घाटावर दत्ताजी कसे पडले ते सांगितलं, वर्षभरानंतरचं पानिपत सांगितलं. मुलाच्या डोळ्यांत चमक आली की सांगणाऱ्याला चेव येतो. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर, तू कोणाचा कोण, असं त्याने विचारलं तर मी त्याच्या हातात काय ठेवलं? नुसते.

संध्याकाळी दिवा लावल्यावर एकदम वाटलं की क्लिंगॉनांचीही गोष्ट आपण अशीच अर्धी सांगतो. त्यांचा आद्य वीर काहलेस तेवढा सगळ्यांना पाठ असतो. आपल्या केसांची बट ज्वालामुखीच्या रसात बुडवून पहिलं बॅटलेथ घडवणारा, मोलर नावाच्या जुलम्याला मारून टोळ्या एक करणारा. भाऊ खोटं बोलला म्हणून त्याच्याशी बारा दिवस बारा रात्री लढणारा. मग हुर्क नावाचे परके येऊन त्यांचा ग्रह लुटून जातात, काहलेसची तलवारही नेतात. मग पृथ्वीवाल्यांशी वैर, रोम्युलनांशी वैर, आपसांत तर कायमचंच. त्यांच्या भाषेत "नमस्कार"ला शब्द नाही, भेटल्यावर सरळ "काय हवंय?" म्हणतात, मार्क ओक्रँड नावाच्या भाषातज्ज्ञाने ती भाषा बांधतानाच तसं ठेवलं. हे सगळं चिन्मयला तोंडपाठ आहे. मलाही.

पण 2293 साली त्यांचा प्रॅक्सिस नावाचा चंद्र फुटला तो कोणाच्या तलवारीने नाही. ऊर्जेसाठी तो वाजवीपेक्षा जास्त खणला होता. हवा बिघडली, ग्रहाचं आयुष्य पन्नासेक वर्षांवर आलं, आणि ज्या शत्रूशी पिढ्यानपिढ्या वैर त्याच्याकडे तहाचं बोलणं लावावं लागलं. त्यांच्या चॅन्सेलरने, म्हणजे प्रमुखाने, गॉर्कॉनने ते लावलं आणि त्यात त्याचा खून झाला. तह त्याच्या मुलीने पुरा केला. इतकी मोठी फौज, आणि त्यांना संपवायला निघाला तो खाणीचा हिशेब. तो वेळेवर कोणी मांडला असता तर?

आणि कोलोस. कोलोसला मी विसरले कशी हे मला समजत नाही. तो भाग 2003 मधला, दादाला पाठवायचा म्हणून मी तेव्हा सीडीवर उतरवून घेतला होता. कोलोस म्हातारा क्लिंगॉन वकील आहे. माणसांच्या कप्तानाचा खटला त्याच्याकडे येतो, आणि त्या कोर्टात वकिलाने तोंड उघडायची पद्धतच राहिलेली नाही. कोठडीत तो कप्तानाला सांगतो की त्याचे वडील शिक्षक होते, आई विद्यापीठात जीवशास्त्रज्ञ, वकिली कर असं त्यांनीच त्याला सांगितलं. सगळे काही पहिल्यापासून लढवय्ये नव्हते. लढवय्यांची चलती झाली आणि बाकीचे मागे सरकत गेले, पोरांना तलवारीशिवाय दुसरी इज्जतच दिसेना. दुसऱ्या दिवशी तो कोर्टात उभा राहून बोलतो. बोलण्याबद्दल कप्तानाबरोबर त्यालाही खाणीवर धाडतात. कप्तानाला सोडवून न्यायला लोक येतात तेव्हा कोलोस त्यांच्याबरोबर जात नाही. शिक्षा भोगून परत यायचं आणि आपल्याच लोकांत राहून काम करायचं, म्हणून थांबतो. हर्ट्झलर नावाच्या नटाने तो केलाय, त्यानेच मार्टोक हा क्लिंगॉन सेनापतीही केला होता. मार्टोक तर खालच्या घरचा, अधिकारी व्हायला गेला तर कुळ बघून नाव खोडलं. जहाजावर साधा मजूर म्हणून राहिला. पुढे तोच साम्राज्याचा चॅन्सेलर झाला.

वॉर्फच्या आधी मी कोलोस दाखवायला हवा होता.

इकडचंही तसंच. पानिपतात महादजी पायाला घाव लागून पडले होते. त्यांना बैलावर घालून दक्षिणेत आणलं ते राणेखान भिस्त्याने, पखालीतून पाणी वाहणाऱ्या माणसाने. महादजी त्याला पुढे भाई म्हणायचे, सरदार केला. महादजींचा पाय कायमचा अधू राहिला, पण माणूस वाचला म्हणून पुढचं सगळं झालं. आबा ही गोष्ट सांगताना महादजींपेक्षा बैलाचं वर्णन जास्त करायचे. मी किल्ल्यावर ती चिन्मयला सांगितलीच नाही. दत्ताजी सांगितले.

जेवण झाल्यावर माळ्यावरून जुन्या कागदांचा रुमाल काढला. आबा गेल्यापासून उघडला नव्हता. गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. आतले कागद कडांना तपकिरी झालेत, मधे अजून बरे आहेत. मोडी मला येते तेवढीच येते, आबांनी सुट्टीत शिकवलेली. ओळीच्या ओळी बोरू न उचलता लिहिलेल्या, शब्द कुठे तुटतो तेच समजत नाही. चष्मा पुसून पुसून बसले. "चंदी" लागला. मग खाली परत "चंदी", पुढे आकडे, मग "वैरण". घोड्यांचे हरभरे आणि कडबा. पानभर तेच. एका ठिकाणी आकडा खोडून शेजारी दुसरा घातलाय, खोडलेला मोठा आहे, नवा लहान. चुकलं होतं, की तेवढे घोडे त्या दिवशी परत आले नव्हते?

मी त्या एका खोडलेल्या आकड्यापाशी किती वेळ बसले असेन कोण जाणे. दूध ओट्यावर तसंच राहिलं.

ज्याने लिहिलं त्याचं नाव कागदावर कुठे नाही. आबा म्हणायचे खापरपणजोबा, काकांच्या मते त्यांचे चुलते. कोणी का असेना, त्याने शाई वाळायच्या आत पान मिटलं असणार, कारण डावीकडच्या पानावर त्या दुरुस्तीचा उलटा ठसा उमटलाय. म्हणजे घाईत होता. बाहेर कोणीतरी चंदीसाठी खोळंबलं असेल.

चिन्मयला ह्याचा फोटो पाठवायचाय. फोनवर दिव्याखाली काढला तर सावली पडते, सकाळी गच्चीवर काढेन. त्याची गाडी पुण्याला पोचली असेल, उद्या शाळाही आहे, दुपारनंतरच बघेल. बरोबर काय लिहावं ते ठरत नाही. दोनदा लिहिलं आणि पुसलं. लांबलचक झालं की तो वाचत नाही. "आकडा का खोडला असेल?" एवढंच लिहीन बहुतेक.

बॅटलेथच्या एका अणकुचीवरचा कागद निघून आतला पुठ्ठा दिसत होता. स्वयंपाकघरातली गुंडाळी आणून तेवढा नवा लावला, मागून चिकटपट्टी. आता ते कपाटावर आडवं ठेवलंय. दारामागे ओल येते.