कोरस सुटला एकदाचा! (गाणं नं. ४)

गेले तीन अपडेट आमच्या बँडच्या ज्या गाण्यावर (बुलडोझरने घरं पाडण्यावरचं) रडत होतो, त्याचा कोरस (ध्रुवपद) काल रात्री सुटला!

व्हर्स (कडवं) बसलाच होता. ढिगाऱ्यातून एक पोरगी दप्तर ओढून काढते आणि आधी त्यावरची धूळ झटकते, एवढंच. पण कोरस आला की मी "उठा, जागे व्हा"वर घसरायचो आणि गाण्याचं भाषण व्हायचं. प्रॅक्टिसला सगळे तो बेंबीच्या देठापासून ओरडायचे, नंतर ड्रमरला दप्तराचं विचारलं तर म्हणे, कुठलं दप्तर? सात वेळा वाजवलं होतं त्याने!

आधी वाटलं मिक्सचा घोळ आहे. तो होताच. दोन्ही गिटारचा गेन (आवाज फाटेपर्यंत वाढवणं) इतका की २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे शब्द स्पष्ट होतात, गाणाऱ्याच्या आवाजाला जागाच नाही. गेन निम्म्यावर आणला, गिटारला ३ किलोहर्ट्झला ३ डीबी (डेसिबल) कट, एक गिटार पार डाव्या, दुसरी पार उजव्या स्पीकरला, व्हर्सभर पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून वाजवणं). शब्द लख्ख ऐकू यायला लागले! (व्होकलला पण एसएम५७ हा साधा माइकच वापरलाय. साध्या खोलीत महागडा, जास्त संवेदनशील कंडेन्सर माइक घेऊ नका, तो पंख्याचा आवाजसुद्धा पकडतो.) तरी कोरस भाषणच.

मग ब्रूस स्प्रिंगस्टीनचं १९८४चं 'बॉर्न इन द यूएसए' परत ऐकलं. व्हर्समध्ये व्हिएतनामहून परतलेल्या माणसाला काम मिळत नाही, आणि कोरस एवढा दणदणीत की कित्येकांनी ते देशाचं गौरवगीतच समजलं. म्हणजे कोरस व्हर्सला गिळतो. उलट रेज अगेन्स्ट द मशीनचं १९९२चं 'किलिंग इन द नेम', शब्द मोजकेच, तेच तेच, पण रिफच (गिटारची परत परत येणारी धून) इतका वजनदार की घोषणा पेलली जाते. माझ्या रिफमध्ये तेवढं वजन नाहीये.

बँडने राजकारणात पडू नये असं काही जण म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. १९७० साली अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांवरच्या गोळीबारात चार विद्यार्थी गेले आणि महिन्याभरात त्यावरचं 'ओहायो' हे गाणं रेकॉर्ड होऊन बाहेर आलं होतं. घरं पाडताना डोळ्यांनी बघायचं आणि गाणं ब्रेकअपवर लिहायचं, हे मला जमणार नाही. फक्त आधी गाणं हवं.

म्हणून कोरसमधले शब्दच काढून टाकले, नुसता रिफ, आणि शेवटच्या बारला (तालाच्या शेवटच्या आवर्तनाला) दप्तराची ओळ परत. काल वाजवून झाल्यावर ड्रमर स्टिक खाली ठेवून म्हणाला, त्या पोरीचं पुढे काय झालं रे?

आणि आत्ता हे टाइप करता करता सुचलं, त्या ओळीला ड्रम्स, बास सगळं बंद, एकच गिटार, तीही क्लीन (आवाज न फाडता). शनिवारचं मास्टरिंग (रेकॉर्डिंगवरचा शेवटचा हात) रद्द, शेवट परत रेकॉर्ड करतोय.