आधी चलान छापून दाखवा

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी मोफतची लिनक्स मिंट सिस्टीम टाकली, ती पडद्यावर आली, मेनू उघडला, वॉलपेपर झळकला की मालक खिशात हात घालतात. "झालं की अक्का, किती द्यायचे?" मी म्हणते, थांबा, आधी चलान, म्हणजे मालासोबत जाणारी पावती, छापून दाखवा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आता हे वाक्य माझ्या नावावरच जमा झालंय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझ्याकडचं हे काम वाढलं. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या ऑफिसातली बरीच मशीनं विंडोज ११ च्या नियमात बसत नाहीत. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. मशीन मात्र धडधाकट असतं. एसएसडी ही वेगवान डिस्क टाकली, मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली की बिलं आणि ईमेलपुरतं छान पळतं. टाकायला अर्धा तास लागतो, तपासायला अर्धा दिवस. पैसे मी त्या अर्ध्या दिवसाचे घेते.

वडील अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे लूम दुरुस्त करणारे. लूम थांबला की पाना हातात घेण्याआधी ते विणकराला विचारायचे, "थांबायच्या आधी काय झालं?" धागा तुटला, धोटा अडकला की पट्टा घसरला, हे विणकरानं पाहिलेलं असायचं. माझ्या कामात विणकराच्या जागी ऑफिसातला क्लार्क असतो. म्हणून मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच चालू करते, हार्ड डिस्कला हात लावत नाही, आणि रोज त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसालाच बसवते. माऊस त्याच्या हातात. मी मागं उभी. रोज सकाळी आल्यावर जे जे करता ते करा, एवढंच सांगते. मालकाला विचारलं तर तो "बिलिंग आणि मेल" म्हणून मोकळा होतो. क्लार्क मात्र व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ उघडतो, आधार कार्ड स्कॅन करतो, जुन्या बिलाची फाइल उघडून फक्त तारीख बदलतो, पेन ड्राइव्हवर डिझाइन घेऊन लूमवर पाठवतो. यातलं काय अडलं ते लिहून घेते. वायफायची चिप ओळखली नाही तर मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करायचं, म्हणजे मोबाइलचं नेट मशीनला मिळतं, आणि तेवढ्या नेटवर ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, उतरतो. त्यासाठी कुणाला बोलवायची गरज नाही.

सगळ्यात जास्त वेळ प्रिंटर खातो. कागद आला नाही की लोक दहा वेळा प्रिंटचं बटण दाबतात आणि मग दहा चलानं एकदम निघतात. मी केबलपासून सुरुवात करते. टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, तिच्यात एलएसयूएसबी (lsusb) दिलं की जोडलेल्या वस्तूंची यादी येते. तिच्यात प्रिंटरच नसेल तर ड्रायव्हरशी झटापट करण्यात अर्थ नाही, केबल किंवा पोर्ट बदला. यादीत असेल तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट लिहून पुढं कोलन आणि ६३१ टाकायचं. छपाईचं सगळं काम बघणाऱ्या कप्सचं पान उघडतं. काम छपाईच्या रांगेत पोचलं का, पोचून अडलं का, की रांगच थांबवलेली आहे, हे तिथं स्पष्ट दिसतं. याच पानावर चूक झाली तर काय करायचं हेही ठरवता येतं. तिथं 'प्रिंटर थांबवा' निवडलेलं असेल तर एकदा वीज गेल्यावर रांग थांबते, आणि वीज आली, प्रिंटर चालू झाला, तरी ती थांबलेलीच राहते. आपल्याकडं वीज कधी जाते ते सांगायला नको. तिथं 'पुन्हा प्रयत्न करा' असं करून टाकायचं.

रांग ठीक, प्रिंटर ठीक, तरी लाइट नुसता लुकलुकतोय? मग कागदाचं माप बघा. मिंटमध्ये भाषा अमेरिकेची इंग्रजी राहिली की कागद 'लेटर' धरला जाऊ शकतो, २१६ बाय २७९ मिलिमीटरचा. ट्रेमध्ये आपला ए-४ असतो, २१० बाय २९७ चा. प्रिंटर बिचारा लेटरची वाट बघत बसतो. नव्या पेठेत लेटर मापाचा कागद मागून बघा एकदा, दुकानदार तोंडाकडं बघत राहील.

काही छोटे लेझर प्रिंटर तर कंपनीची स्वतःची गुप्त भाषा बोलतात. त्यांना कंपनीचाच ड्रायव्हर लागतो, आणि तो लिनक्सवर रडत-कुढत चालतो. तसला एक प्रिंटर आपल्याकडं जवळजवळ प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात आहे. नवा घेणार असाल तर खोक्यावर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर लिहिलंय का बघा. ते असेल तर ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही.

पण माझा लाडका त्रास डॉट मॅट्रिक्सचा. तीन प्रतींचं चलान, सलग कागद, कडेला भोकं. चाचणीचं एक पान छापलं, सुरेख आलं, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी फोन येतो, "अक्का, गाडीवाल्याच्या चलानावर पार्टीचं नाव फाडायच्या रेघेवर यायलंय बघा." कारण साधं आहे. सलग कागदाचं पान १२ इंचांचं, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. सेटिंगमध्ये ए-४ राहिलं असेल तर मशीनच्या लेखी पान २९७ मिलिमीटरला संपतं. प्रत्येक पानाला जवळपास ८ मिलिमीटरचा फरक. पहिल्या पानावर तो दिसतच नाही, पाचव्या पानापर्यंत मजकूर तीन सेंटिमीटर सरकलेला असतो. म्हणून सलग कागदावर मी पाच-सहा पानं लागोपाठ छापते, मालक कागद वाया गेला म्हणून कुरकुरले तरी. माप १० बाय १२ इंच असं हातानं भरायचं, विषय संपला. या प्रिंटरवर मराठी हळू येते, कारण अक्षरं चित्र म्हणून जातात. साधा इंग्रजी मजकूर त्याच्या स्वतःच्या अक्षरांत खडखडाट करत निघतो. तो बिघाड नाही, त्यामागं लागू नका.

आता मराठी. तिच्यासाठी माझं एक ठरलेलं वाक्य आहे: 'तऱ्हेवाईक ॲडव्होकेट ज्ञानदेव सुऱ्या घेऊन ऱ्हस्व-दीर्घ तपासतो.' त्या वकिलाला आता अर्ध्या एमआयडीसीतले क्लार्क ओळखतात. वाक्य टाइप करायचं, पीडीएफ करायची आणि कागदावर छापायचं, तिन्हीकडं बघायचं. तऱ्हेतला अर्धा र चंद्रकोरीसारखा यायला हवा. रफार आला किंवा पाय मोडलेला र दिसला तर फॉन्ट नाही तर कीबोर्डचा लेआउट चुकला. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या लेआउटमध्ये हा र शिफ्ट धरून जे दाबल्यावर येतो आणि पुढं हलन्त लागतो, हे टाइपिंगचा कोर्स केलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. ॲच्या जागी चौकोन दिसला तर फॉन्ट जुना आहे. पडद्यावर बरोबर आणि पीडीएफमध्ये तुटलेलं असेल तर फॉन्ट बदलून बघायचा. नोटो किंवा मुक्त घ्या, दोन्ही मोफत आहेत. आणि काळ्या टर्मिनलमध्ये मराठी तुटकी दिसते म्हणून घाबरू नका, जोडाक्षरांच्या बाबतीत बहुतेक टर्मिनल कच्चेच असतात.

जुन्या फॉन्टमधली बिलं हे वेगळं प्रकरण. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि लिनक्सनं फाइल खाल्ली असा बोभाटा होतो. फाइल जशीच्या तशी असते, तो फॉन्ट मशीनवर नसतो इतकंच. विकत घेतलेला असेल तर फॉन्टची फाइल होम फोल्डरमधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये टाका, बिल दिसायला लागतं. नवी बिलं मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीतच करा, हे मी भांडून सांगते. जुन्या फॉन्टमधलं पार्टीचं नाव ना शोधता येतं, ना कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवता येतं.

एप्रिल-मेमध्ये वेगळेच फोन. "लिनक्स आपोआप बंद पडायलंय, विंडोजच बरं होतं की ओ." पारा ४२ च्या वर, ऑफिस लूमला लागून, आणि टेरी टॉवेलची तूस हवेत. मी मशीन उघडण्याआधी जर्नलसीटीएल या आज्ञेला उणे बी, उणे एक (journalctl -b -1) असं देते. मागच्या वेळी मशीन चालू होतं तेव्हाची नोंदवही उघडते. तिची शेवटची पानं वाचायची. नोंद मध्येच कापल्यासारखी संपली असेल तर वीज गेली किंवा यूपीएसची बॅटरी मेली, लिनक्सला काही लिहायला वेळच मिळाला नाही. तापमान धोक्याच्या पातळीला गेलं अशी ओळ असेल तर मशीननं स्वतःला वाचवायला बंद केलंय. मेमरी संपली म्हणून अमुक प्रोग्रॅम मारला असं दिसलं तर क्लार्कनं ब्राउझरमध्ये किती टॅब उघडलेत ते मोजा. तक्रार तिन्ही वेळेला एकच असते, 'बंद पडतंय', आणि उपाय तीन वेगळे. एका लॅपटॉपच्या पंख्यातून मी तुशीची अख्खी गादी काढली होती. ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, आणि सेन्सर्स ही आज्ञा देऊन आधीचं-नंतरचं तापमान मालकाला दाखवलं. आकडा बघितला की वाद मिटतो.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेलं आहे, त्यामुळं काही ठिकाणी एकाच मशीनवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही सिस्टीम शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतात. मग घड्याळ साडेपाच तासांनी मागं जातं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतो, विंडोज त्यालाच इथली वेळ समजतो. सकाळी दहाला विंडोजमध्ये साडेचार वाजलेले दिसतात, त्यावर लोक हसतात. पण रात्रपाळीत दोन वाजता केलेली नोंद आदल्या दिवसाच्या तारखेला पडते, तेव्हा हसू मावळतं. टाइमडेटसीटीएल या आज्ञेला सेट-लोकल-आरटीसी एक (timedatectl set-local-rtc 1) असं सांगितलं की दोघांचं जमतं. जाणकार म्हणतील की बदल विंडोजमध्ये करायला हवा. खरं आहे, पण मालकाच्या विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंगांत, हात घालण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

जॅकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या लूमला, डिझाइन पाठवताना पेन ड्राइव्हची गंमत होते. कॉपी झाल्याचं दिसतं, पण काही भाग अजून मेमरीतच असतो आणि मागून लिहिला जातो. पोरगा पेन ड्राइव्ह उपटून पळतो आणि लूमवर फाइल उघडत नाही. इजेक्ट करा, काढायला हरकत नाही असा निरोप येईपर्यंत थांबा. पेन ड्राइव्ह पुन्हा लावून फाइल उघडून बघा, मगच लूमवर न्या.

सगळं चाललं की मशीन मेन स्विचपासून बंद करायला लावते, कारण रात्री कारखान्यात तसंच करतात. मग उलट्या क्रमानं चालू करायचं, आधी कॉम्प्युटर, नंतर प्रिंटर. पुन्हा एक चलान. इथं पुष्कळदा काहीतरी निघतंच: ड्रायव्हरची सेवा आपोआप चालू होत नाही किंवा प्रिंटर नव्या नावानं दुसऱ्यांदा जोडला जातो. ते दुरुस्त झालं की टाइमशिफ्टनं सिस्टीमची एक प्रत काढून ठेवते. टाइमशिफ्ट सिस्टीमची प्रत ठेवतो, बिलांची नाही, ती वेगळ्या डिस्कवर घ्यायची.

उरतं डिजिटल सहीचं टोकन, पेन ड्राइव्हसारखं मशीनला लावून कागदपत्रांवर सही करायचं. मालकी एकट्याची असेल तर जीएसटीचं रिटर्न मोबाइलवरच्या ओटीपीनं भरता येतं, टोकन लागत नाही. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर सहीच लागते. काही टोकनांचे लिनक्सचे ड्रायव्हर मिळतात, पण सहीचं सॉफ्टवेअर, जावा आणि ब्राउझर यांचं एकाच दिवशी जमेल याची मी हमी देत नाही. अशा ऑफिसात एक मशीन विंडोज ११ चं ठेवा म्हणते, टॅली आणि सही दोन्ही त्यावर. बाकीच्या मशीनवर चलानं.