सावळ्या पापणीवर भडक रंग : पावसाळा ते नवरात्र, प्रयोगांची नोंद

या पावसाळ्यात एक ठरवलं. रात्री बाहेर पडताना तपकिरी आणि सोनेरी शेड्सना हात लावायचा नाही. निळा, पिवळा, राणी, जांभळा, हिरवा, एवढ्यांचंच राज्य. आम्हा मैत्रिणींचा अड्डा लोअर परळला. मी ठाण्याहून धीमी लोकल पकडते, करी रोडला उतरते आणि तिथून चालत जाते. त्यामुळे डोळ्यांवर जे काही रंगवलंय त्याला गाण्यांआधी गर्दीचा डबा, जिना, दमट हवा आणि कधी पावसाचे थेंब, एवढं सगळं झेलावं लागतं. माझा रंग गव्हाळ. मावसबहीण माझ्यापेक्षा चांगलीच सावळी, आणि तिलाही हा नाद तेवढाच. प्रत्येक रंग आम्ही दोघींच्या पापण्यांवर लावून पाहतो, म्हणून खालच्या नोंदी दोन्ही त्वचांच्या आहेत.

माझं एक मत आता पक्कं झालंय. भडक रंग उठून दिसण्यात पॅलेटचा, म्हणजे रंगांच्या डब्याचा, वाटा दुय्यम असतो. त्या रंगाखाली काय लावलंय आणि तो कुठल्या उजेडात दिसणार आहे, या दोन गोष्टी आधी ठरवल्या की साध्या, स्वस्त पॅलेटमधूनही जबरदस्त रंग निघतो.

निळा

निळ्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण 'सावळ्या रंगाला निळा शोभत नाही' हे आपल्याकडे फार सहज बोललं जातं. मला ते मुळीच पटत नाही. आपल्या त्वचेवर निळा राखाडी का पडतो याचं कारण रंगद्रव्यात आहे.

अनेक गडद निळ्या आयशॅडोंत अल्ट्रामरीन असतं. डब्यामागे सीआय (कलर इंडेक्स, म्हणजे रंगद्रव्यांची क्रमांक-यादी) 77007 असं लिहिलेलं दिसेल. पांढऱ्या कपड्यांना घालायची जुनी निळीची पूड म्हणजे हेच द्रव्य. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) 1.5 च्या आसपास, आणि तेलांचा, त्वचेवरच्या तेलकटपणाचाही जवळपास तेवढाच. म्हणून तेलात भिजलं की त्याचे कण बरेचसे पारदर्शक होतात आणि खालची त्वचा त्यातून डोकावते. गव्हाळ त्वचेत पिवळा आणि लाल मुळातच असतो. त्यावर पारदर्शक निळा पसरला की रंग मेळून मळका राखाडी तयार होतो. यावर उपाय म्हणून पुष्कळ पॅलेटांत निळ्यात टिटॅनियम डायॉक्साइड हे पांढरं रंगद्रव्य मिसळलेलं असतं. ते प्रचंड झाकतं, पण निळ्याला फिकट करतं, आणि असा दुधाळ निळा आपल्या रंगावर खडूसारखा दिसतो.

मग पांढरा निळ्यात मिसळून घेण्यापेक्षा तो निळ्याखाली वेगळा लावायचा. माझा क्रम असा बसलाय : पापणीवरच्या निळसर-काळ्या भागावर आधी नारिंगी करेक्टर (काळेपणा दबवणारी क्रीम), अगदी पातळ. त्यावर पांढरी जाड पेन्सिल, जिथे निळा हवा तेवढ्याच जागेत. बोटाने थापून तिचा थर एकसारखा करायचा आणि ती चिकट असतानाच वर निळी पावडर चपट्या ब्रशने दाबून बसवायची. ब्रश फिरवायचा नाही. फिरवला की पांढरा वर येतो आणि सगळं फिकट पडतं. कडा मात्र पांढऱ्याच्या बाहेर नेऊन, कोरड्या फुगीर ब्रशने, त्वचेच्या जवळच्या विटकरी शेडमध्ये विरवायच्या. निळ्यातून विटकरीत जाताना मध्ये जांभळ्याची एक बारीक रेघ टाकली तर तो सांधा सुरेख दिसतो.

बहिणीच्या पापणीवर हाच क्रम मला आवडला नाही. पांढऱ्यावरचा निळा तिच्या चेहऱ्यापासून सुटा, वरून चिकटवल्यासारखा वाटला. तिच्यासाठी आम्ही पांढरा पूर्ण काढला आणि खाली कोबाल्ट निळी क्रीम स्टिक, वर त्याच जातीची निळी पावडर असं केलं. काय रंग आला! खोल, भरलेला, मोराच्या मानेचा निळा. तिच्यावर तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त खुलतो हे मी आनंदाने लिहून ठेवतेय. सावळ्या त्वचेवर गडद निळ्याला फिकट करायची गरजच पडत नाही. त्याला फक्त त्याच रंगाची जाड बैठक लागते.

पिवळा आणि राणी

पिवळ्याचं लवकर जमलं. आयर्न ऑक्साइडचा पिवळा (सीआय 77492) फाउंडेशनमध्येही असतो, त्यामुळे तो आपल्या त्वचेत मिसळून जातो आणि दिसतच नाही. झेंडूसारखा पिवळा हवा असेल तर डब्यामागे सीआय 19140 शोधा. पांढऱ्या पेन्सिलीवर, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थोडासाच लावला तरी पुरे होतो. निळ्याशेजारी ठेवायचा असेल तर दोघांत थोडी जागा सोडा, नाहीतर मध्ये हिरवा पट्टा उगवतो. मला स्वतःला तो हिरवा आवडतो, म्हणून मी कधी कधी मुद्दाम एकावर एक चढवते. पिवळा आणि जांभळा मात्र कधीच एकत्र विरवू नये. चिखल होतो.

राणी रंगाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. डोळ्यांसाठी कुठली रंगद्रव्यं चालतात याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) नियमांत कार्माइन, म्हणजे कोचिनियल किड्यांपासून मिळणारा लाल, डोळ्यांभोवती वापरायला परवानगी आहे. लिपस्टिकमधल्या अनेक कृत्रिम लाल-गुलाबी रंगांना मात्र ती नाही. म्हणून काही पॅलेटांत झगझगीत गुलाबी शेडला आयशॅडो न म्हणता 'प्रेस्ड पिगमेंट' म्हणतात आणि मागे बारीक अक्षरांत 'डोळ्यांभोवती वापरू नये' असं छापलेलं असतं. ते वाचाच. असे गुलाबी पापणीवर डागही सोडतात. सकाळी धुतल्यावरही गुलाबी छटा उरते. मी राणी रंगासाठी ज्यावर ही सूचना नाही तेच घेते, आणि लिपस्टिक पापणीवर चोळायची युक्ती व्हिडिओत कितीही सोपी दिसली तरी ती करत नाही. हस्तकलेच्या दुकानातल्या चमकीबद्दलही माझं मत तितकंच ठाम आहे. ती डोळ्याजवळ नकोच.

काळ्यावरचा ड्युओक्रोम

हा माझा या मोसमातला सगळ्यात लाडका शोध. ड्युओक्रोम म्हणजे बघण्याच्या कोनानुसार रंग बदलणारी चमकदार शेड. तिच्यात अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टिटॅनियम डायॉक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. थर जसा जाड होत जातो तशी परावर्तित चमक रुपेरीपासून सोनेरी, लाल, निळी, हिरवी अशी बदलत जाते. यात वेगळा रंग घातलेला असेलच असं नाही. प्रकाशाच्या लहरी एकमेकींत मिसळण्याचा तो परिणाम. म्हणूनच हे पांढऱ्या बैठकीवर जवळपास नाहीसं होतं. पांढरा पृष्ठभाग बाकीचा सगळा प्रकाश परत पाठवतो आणि ती नाजूक चमक त्यात बुडते. काळ्यावर तो प्रकाश शोषला जातो आणि उरते फक्त चमक.

काजळ पेन्सिल पापणीभर फासली, कडा विरवल्या, आणि वर निळा-हिरवा ड्युओक्रोम बोटाने दाबला. मान वळवली की रंग बदलतो. गव्हाळ आणि सावळ्या, दोन्ही त्वचांवर सारखाच देखणा दिसतो, आणि लावायला सगळ्यात सोपा. नव्याने भडक मेकअप करू पाहणाऱ्या कुणालाही मी आधी हाच सांगेन. काजळ मात्र वॉटरप्रूफ हवं. साधं घरचं काजळ तेलकट असतं, डोळ्याखाली उतरतं.

घाम

पाण्याने ओले करायचे रंगीत लायनर दिसायला अप्रतिम. रेघ धारदार येते, रंग झाकणारा असतो. पण जे पाण्याने विरघळवून लावायचं ते घामानेही विरघळणार. मुंबईच्या हवेत मी ते डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवलेत. पावसाळ्यात वॉटरप्रूफ शॅडो स्टिकच बऱ्या. त्यांतलं आयसोडोडेकेन नावाचं द्रावक उडून जातं आणि मागे सिलिकोन रेझिनची पातळ कातडी राहते. लावल्यावर मिनिटभरात विरवून घ्यावं लागतं, नंतर हलत नाही. त्यावर पावडर, शेवटी मेकअप टिकवणारा सेटिंग स्प्रे. काढताना तेल किंवा क्लेन्झिंग बाम, डोळ्यावर कापूस धरून थोडा वेळ थांबायचं. घासायचं नाही.

उजेड

एकांकिका स्पर्धांसाठी रंगभूषा करणाऱ्या एका दादाशी बोलल्यावर माझा विचार करायचा मार्गच बदलला. तो म्हणाला, "ताई, आधी दिवे विचारा, मग रंग उघडा." नाटकाची मंडळी हे किती काळापासून जाणतात! आपण आरशासमोरच्या पांढऱ्या ट्यूबमध्ये मेकअप करतो आणि जातो लाल-जांभळ्या दिव्यांत.

म्हणून मी रंग बदलणारा एलईडी बल्ब आणला आणि मेकअप झाल्यावर खोलीत अंधार करून एकेक रंग लावून पाहिला. लाल दिव्यात लाल लिपस्टिक गायब होते. ओठ आणि त्वचा दोन्ही सारखाच लाल प्रकाश परत पाठवतात. तिथे निळा जवळजवळ काळा दिसतो, म्हणजे निळा ग्राफिक लायनर काळ्यासारखा ठळक वाचला जातो. निळ्या दिव्यात उलट : तीच लाल लिपस्टिक काळपट. लाल आणि निळा मिळून जो मजेंटा उजेड क्लबांत हमखास असतो, त्यात हिरवा मरून जातो आणि पिवळा लालसर होतो. आतल्या कोपऱ्यातला तो झेंडू-पिवळा तिथे ओळखू येत नाही.

सगळ्या दिव्यांत टिकते ती चमक. अभ्रकाचा पापुद्रा आरशासारखा दिव्याचाच रंग परत फेकतो, त्यामुळे दिवा कुठलाही असो, पापणी उजळते. तेव्हापासून मी रंग कुठलाही निवडला तरी पापणीच्या मध्यभागी अभ्रकाच्या चमकदार शेडचा एक ठिपका ठेवतेच. आणि जिथले दिवे माहीत नाहीत तिथे रंगापेक्षा आकारावर भिस्त ठेवते : टोकदार लायनर, ठळक कड, मोकळी जागा. आकार कुठल्याही उजेडात दिसतो.

फोटोंच्या नोंदीसाठी दोन गोष्टी. फोन स्वतःच रंग सुधारतो, म्हणून प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सेटिंग) एकाच आकड्यावर बांधून ठेवा, नाहीतर दोन दिवसांच्या फोटोंची तुलना करता येत नाही. आणि फ्लॅश पडणार असेल तर सिलिकाची पांढरी लूज पावडर डोळ्याखाली अगदी जपून लावा. फोटोत तिथे पांढरे चट्टे उमटतात.

पुढे : गरब्याचं मैदान

नवरात्रात ठाण्यातल्या मैदानावर जायचंय, आणि तिथलं गणित निराळं. उंच खांबांवरचे पांढरे फ्लडलाइट, प्रकाश सरळ डोक्यावरून. अशा उजेडात भुवईच्या हाडाची सावली पापणीवर पडते आणि वरची सगळी मेहनत त्या सावलीत जाते. उजेड पडतो तो खालच्या पापणीच्या कडेवर आणि गालाच्या उंचवट्यावर. म्हणून या वेळी मुख्य रंग खाली उतरवतेय : खालच्या पापणीलगत बोटभर रुंद हिरवा पट्टा, बाहेरच्या कोपऱ्यातून कानशिलाकडे ओढलेला, वर फक्त काजळ आणि ड्युओक्रोम. त्या हिरव्याखाली मला पांढऱ्याऐवजी पिवळी क्रीम बैठक करून बघायची आहे, पोपटी झाक यावी म्हणून. बहिणीसाठी पाचूसारखा गडद हिरवा, खाली हिरवीच स्टिक. तालीम या शनिवारी रात्री गच्चीवर, सोसायटीच्या हॅलोजनखाली, तासभर फेर धरून. घाम यायलाच हवा, त्याशिवाय खालच्या पापणीवरची स्टिक टिकते की नाही ते कळणार नाही.